जाळीच्या पाठीचा हेडफोन

कुंभारीच्या सोमवारच्या भजनात टाळ कुणाचा, तर मडिवाळप्पा हत्तुरेचा. पंचवीस वर्षांत ह्या प्रश्नाला कुणी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. पेटीवाले तीन बदलले. मृदंगवाला एक मेला, एक लेकीच्या गावाला राहायला गेला. भजनाचा म्होरक्या सिद्धप्पा स्वतः दोनदा रुसून घरी बसला आणि दोनदा आपल्या पायानं परत आला. टाळ तेवढा जागचा हलला नाही.

म्हणून अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात सिद्धप्पा संध्याकाळचा मडिवाळप्पाच्या दारात आला, तेव्हा बोलायच्या आधी त्यानं चहाचे दोन कप रिचवले. पावसाचं बोलला, तुरीचं बोलला, मग दावणीच्या म्हशीकडं बघत काहीतरी पुटपुटला.

"तोंड हिकडं कर की," मडिवाळप्पा म्हणाला. "म्हशीला सांगालास का मला?"

त्याच्याशी बोलायचं तर समोर बसून, त्याच्या डोळ्यांना ओठ दिसतील असं बोलावं लागे. अठ्ठावीस वर्षं तो सोलापूरच्या गिरणीत साच्यांवर होता. साचा म्हणजे विजेवर चालणारा माग. असे पाचशे साचे एका छपराखाली धडधडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथं माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. दोन बोटं कपाळाला लावली म्हणजे साहेब आला, अंगठा ओठाला लावला म्हणजे चहाला चल. मडिवाळप्पा पन्नास साच्यांपलीकडच्या माणसाची शिवी ओठांवरनं ओळखायचा आणि तिथूनच हातानं परत करायचा. पण डोळे असे तयार होत गेले तसे कान बसत गेले. माणूस बहिरा झाला की लोक हळहळतात. मडिवाळप्पाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. गावात ऐकण्यासारखं तसंही कोण बोलतंय, असं तो म्हणायचा. गाणं ऐकू येत नव्हतं, ते मात्र लागायचं.

सिद्धप्पानं तोंड वळवलं. आता हळू बोलून भागणार नव्हतं. जी गोष्ट दबक्या आवाजात सांगायला आला होता, ती त्याला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी सांगावी लागली.

"बार्शीला भजनाची स्पर्धा हाय. दिवाळी झाल्यावर. आपलं मंडळ जायचं ठरलंय."

"ठावं हाय की."

"तर टाळ महादेवप्पा धरंल. तू मागं बस. ये, पण मागं बस."

शेजारच्या अंगणात धुणं वाळत घालणारी बाई तशीच थांबली.

"का?" मडिवाळप्पानं विचारलं.

"तुजा टाळ मागं पडालाय, मडिवाळ."

"माजा टाळ मागं न्हाई. तुजं म्हननंच फुडं पळालंय. जेवायची घाई झाल्यागत म्हनतोस."

"आरं, मी एकटाच म्हनत न्हाई, सगळे म्हनतेत."

"सगळे म्हंजी कोन? महादेवप्पाच की! त्येला टाळ पायजे, सरळ माग म्हनावं."

सिद्धप्पा वैतागला. माणूस वाईट नव्हता. लहानपणी दोघांनी एकाच विहिरीत उड्या मारल्या होत्या. तो म्हणाला, "असं कर. पयल्या सोमवारी रेडिओवाला शिवयोगी कर्णा लावाय आलता, तवा त्येनं आपलं सगळं भजन टेपात धरलंय. त्ये ऐक. टाळ बराबर निगाला, तर बार्शीला तूच फुडं. माजा शबुद. न्हाई निगाला तर तूच सांग काय करायचं त्ये."

"ऐकतो की," मडिवाळप्पा म्हणाला. सिद्धप्पा गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ऐकायला आधी कान लागतात.

*

शिवयोगी स्वामीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोलापुरात सात रस्त्याला होतं. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. गिरणीची पहिली पाळी सुटली, तसा मडिवाळप्पा सायकल घेऊन तिथं गेला. शिवयोगीनं टेप लावली. डब्याएवढ्या त्या यंत्रातनं जे बाहेर आलं ते मडिवाळप्पाला जात्यात खडे भरडल्यासारखं लागलं. आवाज वाढवला तर खडे मोठे झाले. पेटी कुठली, माणूस कुठला, टाळ कुठला, काही म्हणजे काही निवडता येईना.

"मामा, तुमाला हेडफोन पायजे," शिवयोगी त्याच्यासमोर तोंड आणून म्हणाला. "कानालाच लावायचा. मग मदी दुसरं काय येत न्हाई."

त्यानं फळीवरनं पहिला काढला तो तारघरातला जुना, काळा, जड. तो लावल्यावर मडिवाळप्पाची मान खाली गेली. त्यातनं गाणारा सिद्धप्पा पत्र्याच्या पिंपात पडून मदतीला हाका मारत असल्यासारखा वाटला.

"ह्यो नगं. सिद्धप्पाला भाईर काडायला दोर लागंल."

दुसरा काढताना शिवयोगीनं आधी हात पुसले. मुंबईहून आणलेला, परदेशी, कानाभोवती लोण्यासारखी मऊ रबरी गादी, पाठ गच्च बंद. "हेच्यापरीस भारी माल सोलापुरात न्हाई. भाईरचा चिटपाखराचा आवाज आत येनार न्हाई, आतला भाईर जानार न्हाई. किंमत नंतर बोलू. आदी ऐका."

मडिवाळप्पानं तो चढवला. शिवयोगीनं अजून टेप सुरू केली नव्हती. सात रस्त्याचे टांगे, एस.टी., सायकलींच्या घंट्या, जे काय थोडंबहुत त्याच्या कानापर्यंत पोचत होतं ते सगळं एका फटक्यात बंद झालं. आणि साचे सुरू झाले.

पाचशेच्या पाचशे. धडाड धडाड. धोटा हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. त्यानं दचकून मागं बघितलं. मागं पानाचं दुकान होतं.

हे साचे त्याच्या ओळखीचे होते. कानावर उशी दाबून झोपला की यायचे, डोक्याला मफलर गुंडाळला की यायचे. अठ्ठावीस वर्षं कानात जे भरलं होतं ते जागा मिळाली की चालू लागायचं. चारी बाजूंनी थोडंतरी वारं, थोडी गडबड असली की ते दबून असायचं. त्यानं ह्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. डोक्यात गिरणी चालती असं सांगितलं तर लोक डॉक्टरकडं नेत नाहीत, देवरशाकडं नेतात.

शिवयोगीनं टेप सुरू केली. गाणं साच्यांच्या पलीकडच्या टोकाला लागलं होतं.

"कसं?" शिवयोगीचे ओठ म्हणाले.

मडिवाळप्पानं हेडफोन काढून गल्ल्यावर ठेवला. "लई भारी हाय. पर मला पाळी सुटल्यावर परत गिरणीत जायचं न्हाई."

शिवयोगीला त्यातलं काही कळलं नाही. गिऱ्हाईक किमतीला भ्यालं असं समजून तो म्हणाला, "पैशाचं बगू की, मामा." पण मडिवाळप्पाची नजर फळीच्या टोकाला गेली होती. तिथं वायरींच्या भेंडोळ्यात काहीतरी हलकं, पिवळट स्पंजाचं लोंबत होतं.

"त्ये काय हाय?"

"त्ये सोडा. भंगार हाय. कुना साहेबानं दुरुस्तीला टाकलं, न्ह्यायला आलाच न्हाई. त्येची पाठ बगा." शिवयोगीनं ते उलटं करून दाखवलं. पाठीला झाकण नव्हतंच. बारीक फटींची जाळी होती, पीठ चाळायच्या चाळणीसारखी. "आवाज सगळा मागनं गळतो. तुमी ऐकायचं त्ये शेजारचाबी ऐकनार. भाईरचा गोंधळ तुमच्या कानात. मग हेडफोन कशाला म्हनायचं त्येला?"

"लाव."

"मामा, एक बाजू बंद हाय, वायर तुटलीया."

"दुसरी चालू हाय न्हवं? लाव की बे."

त्या चपट्या स्पंजाचं ओझं जाणवतसुद्धा नव्हतं. मडिवाळप्पानं आधी साच्यांची वाट बघितली. टांग्याची घंटा आली. कुणीतरी कुणाला तरी हाळी दिली, तिचा धूसर तुकडा आला. वारं जाळीतनं आरपार जात होतं आणि साचे उठत नव्हते. मग त्या सगळ्या गडबडीच्या मधोमध, अगदी कानाच्या पाळीशी, पेटीचा एक सूर उभा राहिला. स्वच्छ. त्याच्यामागनं सिद्धप्पाचा किनरा आवाज, खालच्या पट्टीत जरा घोगरा होणारा. पाच-सहा वर्षांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता, नुसता बघितला होता.

त्यानं हात वर करून शिवयोगीला टेप बंद करायला लावली.

"न्हाई न्हवं जमत?" शिवयोगी म्हणाला.

"हितं नगं. घरी ऐकतो. तुटलेली वायर जोडून दे. आन् टेप मला आयतवारापातूर दे."

बाकी काय द्यायचं ते दुकानात उभ्या उभ्या ठरलं. मडिवाळप्पाच्या घरी मेव्हण्यानं दिलेली एक कोरी चादर होती, मोरांची. शिवयोगीच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. मोर शिवयोगीकडं गेले, जाळी कुंभारीला आली.

*

नागव्वाला, त्याच्या बायकोला, हे रात्रीच्या भाकरीला कळलं. तिनं तवा उतरवला.

"माज्या भावाची चादर दिली? ह्या स्पंजाला?"

"गाणं ऐकायचं हाय."

"अय्य शिवा! डोक्याला लावाय स्पंज आन् थंडीत पांगराय काय, टाळ?"

पण शनिवारी तीच सुई-दोरा घेऊन बसली. स्पंज जुना झालेला, हात लावला की भुगा पडत होता. तिनं जुन्या चादरीचा तुकडा कापून त्याच्या गोल गाद्या शिवल्या, नीट दुमडून, दुहेरी. मडिवाळप्पानं लावून बघितल्या आणि लगेच काढल्या. आवाज गोधडीत गेला होता, आणि कडेनं एक-दोन साचे चालू झाले होते.

"कापड चुकलं," तो म्हणाला.

"माजं शिवनं चुकलं म्हना की सरळ."

"शिवनं न्हाई, कापड. हेच्यातनं वारं जात न्हाई." त्यानं तुकडा दिव्यासमोर धरला. उजेड आला नाही. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं, कापड उजेडापुढं धरून त्याची वीण मोजणं. गिरणीत घट्ट विणीचं कौतुक. विरळ निघालं की जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम, बाप काढायचा. आज त्याला विरळ पाहिजे होतं. घरातलं सगळं त्यानं दिव्यासमोर धरून बघितलं. धोतर, टॉवेल, नागव्वाचं जुनं लुगडं, ताकाचं फडकं. शेवटी पायाला जखम झाली होती तेव्हाची गिरणीच्या दवाखान्यातली पट्टी सापडली, धुऊन ठेवलेली. तिच्यातनं दिव्याची वात सरळ दिसत होती.

"ही शिव. एकेरीच."

"पायाची पट्टी कानाला!" नागव्वा म्हणाली, पण शिवली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो सोप्यात बसला. म्हैस बाहेर रवंथ करत होती. नागव्वा हाताच्या अंतरावर शेंगा फोडत बसली. त्यानं हेडफोन डोक्यावर चढवला, आवाजाची चकती पार टोकाला नेली आणि बटण दाबलं.

आधी सिद्धप्पाचं खाकरणं. मग पेटी. मग मृदंगावर पहिली थाप. मडिवाळप्पाचा तळवा आपोआप गुडघ्यावर पडायला लागला. चाल त्याच्या हाडात होती. सिद्धप्पानं ओळ उचलली, मंडळानं झेलली. काय गात होती माणसं! आपल्या गावची, ढेकळं फोडणारी, विड्या ओढणारी. त्याला हसू आलं. आणि मग टाळ आला.

तळवा पडला, नंतर टाळ वाजला.

परत तळवा पडला. टाळ नंतर.

मडिवाळप्पानं टेप थांबवली, मागं नेली, पुन्हा लावली. गुडघ्यावर आधी, टेपमध्ये नंतर. अंतर नखाएवढं, पण प्रत्येक वेळी तेवढंच. मंडळ उंबरा ओलांडून आत जायचं आणि टाळ मागनं येऊन दार वाजवायचा.

"टेप लंगडी हाय," तो मोठ्यानं म्हणाला. कानात गाणं असल्यानं जरा जास्तच मोठ्यानं. "शिवयोगीच्या यंत्रात खोट हाय!"

नागव्वानं शेंगा फोडायचं थांबवलं. त्याच्यासमोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी.

"टेपला काय झालं न्हाई वो."

"तुला काय कळतंय? हेडफोन माज्या कानाला हाय."

"मलाबी ऐकू येतंय की. मुंग्या भजन म्हनालत्या जनू, बारीक. पर सगळं येतंय." तिनं जाळीकडं बोट केलं.

त्यानं बटण बंद केलं. म्हैस तेवढी शेपूट मारत होती.

"काय येतंय?"

नागव्वानं शेंगांत हात घातला. दोन शेंगा घेतल्या. एक फोडली. थोडं थांबून दुसरी फोडली. फट. फट. परत तसंच, तेवढंच थांबून. पहिली मंडळाची, दुसरी त्याची.

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली असतीन. आदी थोडं व्हतं."

"सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं? सिद्धप्पाला सांगितलं तेच. त्येचं म्हननं फुडं पळालंय म्हून."

मडिवाळप्पानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. रागवायला कुणी सापडत नव्हतं. मग त्याला उमगलं, आणि तेच जास्त लागलं. तो सिद्धप्पाचे ओठ बघून टाळ मारत होता. गिरणीत शिकलेली विद्या. ओठ हलले, डोळ्यानं टिपले, मग हात. गिरणीत त्या पापणीभर उशिरानं काही बिघडत नाही, साहेब आल्याचं अर्ध्या पापणीनं उशिरा कळलं तरी पगार कापत नाहीत. पण टाळ ओठावर पडायचा असतो, ओठानंतर नव्हे. आणि स्वतःचा टाळ तर त्याला हातातनंच ऐकू यायचा, पितळेचा हादरा मनगटात चढायचा, तोच त्याला सूर वाटायचा. हात कधी चुकतोय म्हणत नाही.

"परत लाव," नागव्वा म्हणाली.

"कशाला?"

"टाळ सोडून बाकीचं ऐका की. चादर गेलीच हाय."

त्यानं लावलं. संध्याकाळी म्हशीची धार काढायची वेळ होईस्तोवर ती टेप पाच वेळा फिरली. तिसऱ्या वेळेनंतर तो टाळाच्या पलीकडचं ऐकायला शिकला. सिद्धप्पा तिसऱ्या कडव्यात खरंच पळत होता. आणि पेटीवाला एका जागी दर वेळी शेजारच्या पट्टीला बोट लावत होता.

*

सोमवारी मडिवाळप्पा देवळात सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. मंडळ जमलं. महादेवप्पा नेहमीसारखा खांबाच्या आडोशाला बसला. चाळिशीचा गडी, कान शाबूत, आणि बार्शीचं नाव निघाल्यापासनं मडिवाळप्पाची नजर चुकवणारा. मडिवाळप्पानं टाळ उचलून कपाळाला लावला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"धर."

"मामा, मी काय म्हनलो न्हवतो—"

"तू म्हनलास का सिद्धप्पा म्हनला, जाऊ दे तिकडं. दोरी नवी घाल, कुजलीया."

सिद्धप्पा आपल्या जागेवरनं उठून आला. आपलंच म्हणणं खरं ठरल्यावर माणसाला जसं ओशाळं व्हायला होतं तसा तो झाला होता. "मडिवाळ, तसं काय न्हाई आपलं. थोडं हिकडं-तिकडं कुनाचंबी व्हतंय. जमवून घ्यू आपन."

"जमवून काय घ्यायचं? मी ऐकलंय." मडिवाळप्पा म्हणाला. "तुजंबी ऐकलंय. तिसऱ्या कडव्याला तुज्या मागं कुत्रं लागतंय काय?"

मंडळ हसलं. पेटीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला.

"तू हसू नगं. तुजी दोन बोटं हाईत का एक? त्या वरच्या जाग्याला बग जरा."

पेटीवाल्याचं हसू विझलं. सिद्धप्पा काही बोलायच्या आत भजन सुरू झालं. मडिवाळप्पा पुढं होता तिथंच बसला, मागं गेला नाही. पंचवीस वर्षांत हात मोकळे ठेवून तो इथं कधी बसला नव्हता. ते कुठं ठेवायचे त्याला सुचेना. मांडीवर ठेवले तर ते मारायला लागायचे. शेवटी त्यानं दोन्ही हात पायाखाली घेतले आणि सिद्धप्पाच्या ओठांकडं बघू लागला. ओठ मिटायचे आणि त्याच क्षणी महादेवप्पाच्या हातात पितळ चमकायचं. मधे फट नव्हती. असं दिसतं होय, त्याला वाटलं. महादेवप्पाचा हात नवखा होता, जोर फार लावत होता. पण जागा बरोबर होती.

दिवाळीनंतर मंडळ एस.टी.नं बार्शीला गेलं. मडिवाळप्पा खिडकीशी बसून गेला. बार्शीचं भजन टेपात धरायला शिवयोगी आपलं यंत्र मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी. स्पर्धेला तीस-बत्तीस मंडळं, मांडवात ही गर्दी. कुंभारीचा नंबर संध्याकाळी लागला. मडिवाळप्पा श्रोत्यांत अगदी समोर बसला होता. त्याला त्या मांडवात एक अक्षर ऐकू आलं नाही. माणसं तोंडं उघडत होती, मिटत होती, शेजारचा माना डोलावत होता. तिसऱ्या कडव्याला त्यानं दोन्ही तळवे जमिनीकडं दाबून हळू, हळू अशी गिरणीतली खूण केली आणि सिद्धप्पा मंचावरनं त्याच्याकडं बघत कडव्यातनं चालत बाहेर आला.

बक्षीस मिळालं नाही. नारळ मिळाला, तो सगळ्यांनाच मिळाला.

मांडवाबाहेर उसाचा रस पिताना सिद्धप्पानं त्याच्यासमोर येऊन, नीट तोंड करून विचारलं, "खरं सांग मडिवाळ. कसं झालं?"

मडिवाळप्पानं पेला खाली ठेवला.

"तोंडं समद्यांची बराबर हालत व्हती," तो म्हणाला. "बाकीचं आयतवारी ऐकून सांगतो."